मोबाइलला जोडायचे साउंड कार्ड : खोक्यावर पुरेशी माहिती हवी

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मोबाइल फोनला बाहेरून जोडायचे साउंड कार्ड, म्हणजे माइक आणि फोन यांच्यामध्ये बसणारी छोटी पेटी, ही वस्तू आता केवळ ध्वनिमुद्रणाचा व्यवसाय करणाऱ्यांची राहिलेली नाही. ठाण्यात आणि नवी मुंबईत गाणे शिकणारी मुले, ऑनलाइन शिकवणी घेणारे शिक्षक, कीर्तनकार, अभिवाचन करणारे गट आणि घरातील वडीलधाऱ्यांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात जपून ठेवू पाहणारी कुटुंबे, असे सगळेच ती विकत घेऊ लागले आहेत. मी ठाण्यात शास्त्रीय गायन शिकवते, त्यामुळे विद्यार्थ्यांनी आणलेली अशी अनेक उपकरणे माझ्या हाताखालून गेली आहेत. त्यांतली काही अतिशय उपयुक्त ठरली, पण पुष्कळशी फोनला जोडताच निरुपयोगी ठरली. याचे कारण दर वेळी उपकरण वाईट होते असे नाही. घेणाऱ्याला जी माहिती आधी मिळायला हवी होती, ती त्याला ना खोक्यावर मिळाली, ना दुकानात. हे उपकरण फोनला कोणत्या मार्गाने जोडले जाते, कोणत्या फोनवर चालते आणि वीज कोठून घेते, एवढे तरी खोक्यावर स्पष्ट छापलेले असावे, अशी माझी मागणी आहे आणि ती सविस्तर मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मुळात फोनला स्वतःचा माइक असताना बाहेरचे साउंड कार्ड लागतेच कशाला, असा प्रश्न पालक हमखास विचारतात आणि तो योग्यच आहे. फोनचा माइक संभाषणासाठी बनवलेला असतो. रहदारीत उभ्या असलेल्या माणसाचे बोलणे पलीकडे समजावे म्हणून फोनमधील यंत्रणा सतत दोन कामे करते : सारखा येत राहणारा आवाज हा गोंगाट आहे असे समजून तो काढून टाकते, आणि आवाज लहानमोठा झाला तर त्याची पातळी आपणहून वरखाली करते. बोलण्यासाठी हे उत्तम आहे, परंतु आपल्या संगीताचा पायाच अखंड वाजणाऱ्या तंबोऱ्यावर उभा आहे. त्या यंत्रणेच्या दृष्टीने तंबोरा हा पंख्याच्या घरघरीसारखाच एक सततचा आवाज असतो, म्हणून ती तो पुसून टाकते. पेटीवर धरलेला सूर काही क्षणांत बारीक होत जातो. विद्यार्थ्याने लांबवलेला षड्ज मध्येच तुटल्यासारखा ऐकू येतो आणि शिकवणाऱ्याला दम कमी पडला की यंत्रणेने सूर कापला हे कळायला मार्ग राहत नाही. तबल्याची जोरदार थाप पडली की गायकाचा आवाज दबतो आणि थाप संपल्यावर पुन्हा वर येतो. ज्या शहरात गायक पं. राम मराठे राहिले आणि जिथे त्यांच्या स्मरणार्थ महापालिका संगीत समारोह भरवते, त्या शहरातील मुलांना सुरांची ही मोडतोड ऐकत शिकावे लागावे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

केवळ साउंड कार्ड जोडले म्हणून हा दोष आपोआप जात नाही, हेही इथेच सांगितले पाहिजे. ध्वनी बाहेरच्या कार्डातून आला तरी संभाषणाचे ॲप त्यावर स्वतःची प्रक्रिया करतच राहते. झूमसारख्या ॲपमध्ये मूळ आवाज तसाच पाठवण्याचा ‘ओरिजिनल साउंड’ हा पर्याय आहे आणि संगीताच्या तासाला तो मुद्दाम सुरू करावा लागतो. मुद्रणासाठीही गोंगाट-नियंत्रण आणि आपोआप पातळी बदलणे बंद करता येईल असेच ॲप निवडावे. अँड्रॉइड ७ पासून ॲपला प्रक्रिया न केलेला आवाज मागण्याची सोय आहे, परंतु प्रत्येक फोन आणि प्रत्येक ॲप तिचा उपयोग करतेच असे नाही. मुद्रित केलेली फाइल शिक्षकांना व्हॉट्सॲपवर पाठवताना ती आवाजी संदेश म्हणून पाठवली तर ध्वनी पुष्कळ दाबला जातो, तेव्हा ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी. यासाठी काहीही खर्च नाही आणि लाभ मात्र लगेच कळतो.

आता खुद्द उपकरणाविषयी. चांगल्या माइकमधून निघणारा विद्युतसंकेत काही मिलिव्होल्ट इतकाच असतो. त्याला खरखर न वाढवता मोठे करणे आणि नंतर त्याचे अंकांत रूपांतर करून ते अंक फोनकडे पाठवणे, ही साउंड कार्डाची दोन मुख्य कामे. ही कामे फोनच्या बाहेर, वेगळ्या परिपथावर (सर्किटवर) होतात म्हणून फोनच्या आतील खरखर त्यात मिसळत नाही आणि आपल्याला हवा तो माइक, हव्या त्या अंतरावर ठेवता येतो. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेल्या ‘१९२ किलोहर्ट्झ’सारख्या आकड्यांना फार भुलू नये. आवाज सेकंदाला किती हजार वेळा मोजला जातो, तो हा दर. चित्रफितीसोबतच्या ध्वनीसाठी ४८ किलोहर्ट्झ हा दर रूढ आहे, सीडीसाठी तो ४४.१ किलोहर्ट्झ होता आणि माणसाचा कान सुमारे २० किलोहर्ट्झपर्यंतच ऐकतो. दर त्याच्या दुपटीहून जास्त असला की भागते, त्यामुळे हे दोन्ही दर गायनाला पुरेसे आहेत. त्यापेक्षा २४ बिटची सोय (प्रत्येक मोजमाप किती बारकाईने नोंदले जाते, ते बिट सांगतात) अधिक उपयोगाची, कारण १६ बिटमध्ये सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या आवाजात सुमारे ९६ डेसिबलचे अंतर मावते, तर २४ बिटमध्ये ते कागदावर सुमारे १४४ होते. प्रत्यक्ष उपकरणात ते बरेच कमी भरते, तरीही पातळी सावधपणे खाली ठेवून मुद्रण करता येते आणि तारसप्तकात आवाज फाटत नाही. ४८ किलोहर्ट्झ व २४ बिटने एका चॅनेलचे (आवाजाच्या एका स्वतंत्र वाटेचे) एक तासाचे मुद्रण सुमारे ५१८ मेगाबाइट जागा घेते, तेवढी फोनमध्ये आधीच मोकळी असावी.

ग्राहकाची सर्वाधिक फसगत होते ती यापुढच्या मुद्द्यावर. ‘मोबाइल साउंड कार्ड’ या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एका प्रकारात रंगीत बटणे, टाळ्यांचे आणि हशाचे तयार आवाज, आवाज बदलण्याची करामत असे सगळे असते, पण ती पेटी फोनच्या ३.५ मिलिमीटर हेडफोन-छिद्रात चार पट्ट्यांच्या पिनेने जोडली जाते. अशा जोडणीत अंकांत रूपांतर करण्याचे काम शेवटी फोनचाच परिपथ करतो. म्हणजे फोनमधला हेडसेट-माइकचा मार्ग जितका चांगला, तितकेच मुद्रण चांगले. शिवाय तो मार्ग बहुतेक फोनमध्ये एकाच चॅनेलचा असतो, त्यामुळे गायन एका बाजूला आणि तबला दुसऱ्या बाजूला अशी विभागणी त्यात होत नाही. दुसऱ्या प्रकारात पेटी यूएसबीने जोडली जाते, रूपांतर तिच्यातच होते आणि फोन फक्त अंक साठवतो. व्यावसायिक लोक ऑडिओ इंटरफेस म्हणतात तो हा प्रकार. थेट प्रक्षेपणात गप्पा मारणाऱ्याला पहिला प्रकार पुरत असेल, त्याला माझा विरोध नाही. पण रियाज आणि शिकवणी यांसाठी दुसराच हवा, आणि ज्याने दुसऱ्यासाठी पैसे मोजले त्याच्या हाती पहिला पडू नये. आणखी एक घोटाळा असा की, पहिल्या प्रकारातील काही पेट्यांना यूएसबीचे छिद्रही असते, परंतु ते केवळ बॅटरी चार्ज करण्यासाठी असते. खोक्यावरचे यूएसबीचे चिन्ह पाहून ग्राहक निश्चिंत होतो आणि घरी आल्यावर फोनला त्या छिद्रातून काहीच मिळत नाही.

चार पट्ट्यांच्या त्या पिनेबद्दलही थोडे सांगते, कारण नुसता माइक त्या छिद्रात खुपसून ‘फोन बिघडला’ असे म्हणणारे खूप भेटतात. साध्या माइकच्या किंवा हेडफोनच्या पिनेला तीन पट्ट्या असतात. फोनच्या पिनेला चौथी असते ती माइकसाठी. त्यातही सीटीआयए आणि ओएमटीपी अशा दोन रचना आहेत आणि दोहोंत माइक व ग्राउंड (परतीची तार) यांच्या जागा उलट असतात. आजचे बहुतेक फोन पहिल्या रचनेचे आहेत. जुनी किंवा स्वस्त वायर दुसऱ्या रचनेची निघाली तर माइक मुका राहतो किंवा आवाज पोकळ आणि क्षीण येतो.

हल्ली पुष्कळ फोनना हेडफोनचे छिद्रच नसते, म्हणून टाइप-सीला लावायचा आखूड डोंगल दुकानदार हातात ठेवतात. या डोंगलचेही दोन प्रकार आहेत आणि बाहेरून ते सारखेच दिसतात. एकात रूपांतर करणारी चिप असते, दुसऱ्यात नुसत्या तारा असतात. नुसत्या तारांचा डोंगल, ज्या फोनच्या टाइप-सी छिद्रातून थेट ॲनालॉग ध्वनी निघण्याची सोय आहे अशाच फोनवर चालतो, आणि असे फोन थोडे आहेत. चिप असलेला डोंगल हेच खरे तर सर्वांत लहान साउंड कार्ड होय. त्यात माइकची बाजू दिलेली आहे की केवळ ऐकण्याची, हे मात्र विचारून घ्यावे लागते, कारण अनेक डोंगल फक्त ऐकण्यासाठीच बनवलेले असतात.

यूएसबीने जोडल्या जाणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या पेटीकडे वळले तरी ‘टाइप-सी आहे, म्हणजे चालणारच’ हे दुकानातले नेहमीचे वाक्य पुरेसे नाही. टाइप-सी हे छिद्राच्या आकाराचे नाव आहे. त्यातून काय वाहते हे त्यावरून ठरत नाही. ध्वनी-उपकरणांसाठी ‘यूएसबी ऑडिओ क्लास’ नावाचे प्रमाण आहे, त्याची पहिली आवृत्ती १९९८ मध्ये आणि दुसरी २००६ मध्ये आली. या प्रमाणानुसार बनवलेल्या उपकरणाला वेगळे ड्रायव्हर (ते चालवणारे जादा सॉफ्टवेअर) लागत नाही, आणि फोनच्या दृष्टीने हाच गुण सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण संगणकासारखे ड्रायव्हर फोनमध्ये टाकण्याची सोय नसते. सोबत संगणकासाठी ड्रायव्हर दिला आहे म्हणून उपकरण फोनवर चालणार नाही असेही नाही आणि चालेलच असेही नाही. ‘क्लास कंप्लायंट’ (या प्रमाणानुसार बनवलेले) हे दोन शब्द खोक्यावर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात आहेत का, ते पाहावे. अँड्रॉइडमध्ये यूएसबी ध्वनी-उपकरणांना मूळ व्यवस्थेतून पाठिंबा मिळाला तो २०१४ साली आलेल्या अँड्रॉइड ५ पासून, तोही प्रमाणाच्या पहिल्या आवृत्तीतील ठरावीक भागाला आणि एक किंवा दोन चॅनेलसाठी. त्यामुळे आठ माइकचा मिक्सर यूएसबीने फोनला जोडला म्हणून आठ वेगळे आवाज फोनमध्ये उतरतील अशी अपेक्षा धरून पैसे घालवू नयेत. बहुधा त्यांचे दोन चॅनेलमध्ये एकत्र झालेले मिश्रणच मिळते.

आयफोनच्या बाबतीत २०१२ पासूनच्या लायटनिंग जोडणीच्या फोनना यूएसबीसाठी कॅमेरा ॲडॅप्टर लागतो, आणि त्यातही वीज आत घेण्यासाठी जादा छिद्र असलेला ॲडॅप्टर घेणे शहाणपणाचे. २०२३ मधील आयफोन १५ पासून टाइप-सी आले आणि ही अडचण बरीच कमी झाली. चार्जिंगची साधी लायटनिंग वायर उलटी लावून उपकरण चालत नाही, हे मी पालकांना वारंवार सांगते.

अँड्रॉइड फोनमध्ये मात्र प्रत्येक निर्मात्याची तऱ्हा निराळी. काही कंपन्यांच्या फोनमध्ये ‘ओटीजी’ हा (फोनला बाहेरचे यूएसबी उपकरण जोडू देणारा) पर्याय सेटिंग्जमध्ये जाऊन हाताने सुरू करावा लागतो आणि काही वेळ उपकरण वापरले नाही तर तो आपोआप बंद होतो. तासाला मधली सुट्टी घेऊन परत बसावे तर माइक गायब, असा अनुभव त्यामुळे येतो आणि दोष साउंड कार्डाच्या माथी मारला जातो. सेटिंग्जमधल्या ‘डेव्हलपर ऑप्शन्स’ या तंत्रज्ञांसाठीच्या भागात यूएसबी ध्वनीचा मार्ग बंद करणारा एक पर्याय असतो. कोणीतरी तो कधी चुकून सुरू केलेला असल्यास उपकरण जोडूनही फोन स्वतःचाच माइक वापरत राहतो. म्हणून मुद्रणापूर्वी माइकच्या जाळीवर नखाने हलके खाजवून पाहावे आणि नंतर फोनच्या खालच्या कडेवर. आवाज कुठला मोठा येतो यावरून फोन कोणता माइक ऐकतो आहे, हे लगेच समजते.

वायर ही तर सर्वांत दुर्लक्षित गोष्ट. बाजारात मिळणाऱ्या अनेक स्वस्त वायरींत केवळ वीज वाहणाऱ्या तारा असतात, माहिती वाहणाऱ्या नसतात. फोन चार्ज होतो म्हणून वायर चांगली आहे असे समजले जाते आणि साउंड कार्ड परत करण्यासाठी दुकानाच्या फेऱ्या सुरू होतात. याहून सूक्ष्म दोष काही स्वस्त साउंड कार्डांतच असतो. टाइप-सीच्या नियमाप्रमाणे जोडलेल्या उपकरणाने ५.१ किलोओहमच्या रोधाद्वारे (रेझिस्टरद्वारे) आपली ओळख पटवली, तरच फोन त्याला वीज देतो. खर्च वाचवण्यासाठी हा क्षुल्लक किमतीचा रोध गाळला, की दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या वायरीने ते उपकरण जागेच होत नाही, परंतु फोनला टाइप-सी ते यूएसबी-ए असा ओटीजी जोड लावून त्यात जुन्या पद्धतीची वायर घातली, की तेच उपकरण चालू लागते. निकामी म्हणून कपाटात पडलेली काही कार्डे या एका उपायाने वापरात येतात, म्हणून वाचकांनी ती टाकण्यापूर्वी हा प्रयोग अवश्य करून पाहावा.

विजेचा प्रश्न यापेक्षा मोठा आहे. संगणकाचे यूएसबी २.० पोर्ट ५ व्होल्ट दाबाने ५०० मिलिअँपिअरपर्यंत वीज देते आणि अनेक साउंड कार्डे ती गृहीत धरून बनवलेली असतात. फोनला ही वीज आपल्या बॅटरीतून द्यावी लागते. काही फोन ती देण्याचे नाकारतात, काही देतात पण मैफलीच्या उत्तरार्धात मान टाकतात. कंडेन्सर माइक (चालण्यासाठी स्वतःलाच वीज लागणारा माइक) वापरायचा तर ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा, म्हणजे माइकच्याच वायरीतून दिली जाणारी वीज, लागतो. साउंड कार्ड तो फोनच्या ५ व्होल्टमधूनच वाढवून तयार करते, त्यामुळे बटण दाबताच फोनवर ‘हे उपकरण जास्त वीज घेते’ अशी सूचना यावी यात नवल नाही. रंगीत बटणांच्या अनेक पेट्यांत माइकला मिळतो तो संगणकाच्या साध्या माइकसाठीचा काही व्होल्टचा पुरवठा. तो ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा नव्हे, आणि खऱ्या कंडेन्सर माइकला तो पुरत नाही. म्हणून फोनवर काम करायचे असेल तर बाहेरून वीज घेण्यासाठी वेगळे छिद्र असलेले कार्ड निवडावे, नाहीतर फँटम पुरवठ्याची गरज नसलेला डायनॅमिक माइक घ्यावा. ठाण्यातल्या बैठकीच्या खोल्यांत, जिथे खिडकीखाली रिक्षा आणि डोक्यावर पंखा असतो, तिथे तोंडाजवळ धरलेला साधा डायनॅमिक माइक महागड्या कंडेन्सरपेक्षा स्वच्छ मुद्रण देतो, असे माझे मत आहे.

वीज बाहेरून घेताना ती शक्यतो पॉवर बँकेतून घ्यावी. भिंतीवरच्या चार्जरमुळे, विशेषतः अर्थिंगशिवायच्या दोन पिनांच्या चार्जरमुळे, मुद्रणात बारीक गुणगुण किंवा किणकिण शिरते. त्यातच मिक्सर एका सॉकेटवर आणि चार्जर दुसऱ्यावर असेल तर आपल्या विजेच्या ५० हर्ट्झची घुमघुम स्पष्ट ऐकू येते. मुद्रणाच्या वेळी फोन एअरप्लेन मोडवर ठेवावा, म्हणजे नेटवर्कचा टरटर आवाज येत नाही आणि कोणाचा फोन आल्याने मुद्रण मध्येच थांबत नाही.

गाताना स्वतःचा आवाज हेडफोनवर ऐकायचा असेल तर साउंड कार्डावर ‘डायरेक्ट मॉनिटर’ची सोय आहे का, हे पाहावे. आवाज फोनमध्ये जाऊन परत येईपर्यंत जो उशीर होतो, तो २० मिलिसेकंदांपर्यंत असला तरी सुमारे ७ मीटरवर बसलेल्या साथीदाराचे वाजवणे ऐकल्यासारखे वाटते, आणि सर्वसाधारण फोनवर तो याहून जास्त असतो. ब्लूटूथ हेडफोनने तर तो इतका वाढतो की लयीत गाणे अशक्य होते. ‘डायरेक्ट मॉनिटर’ असेल तर आवाज फोनकडे न जाता कार्डातूनच कानात येतो आणि हा प्रश्न उरत नाही.

सोसायटीचे सभागृह, देऊळ किंवा नाट्यगृह येथील कार्यक्रमाचा ध्वनी फोनमध्ये घ्यायचा असेल, तर साउंडवाल्यांकडून ‘लाइन आउट’ (मिक्सरमधून बाहेर निघणारी ध्वनीची वायर) मागावी आणि ती कार्डाच्या ‘लाइन’ छिद्रात लावावी. व्यावसायिक मिक्सरचा संकेत सव्वा व्होल्टच्या आसपास असतो, म्हणजे माइकच्या शेकडो पट. तो माइकच्या छिद्रात गेला तर फाटलेला आवाज मिळतो, आणि मुद्रण मागाहून कितीही दुरुस्त केले तरी तो सुधारत नाही. ॲम्प्लिफायरची स्पीकरकडे जाणारी वायर मात्र कधीही कार्डाला लावू नये. त्यातला दाब कार्ड जाळू शकतो.

हे सारे सांगण्याचा हेतू वाचकांना तंत्रज्ञ बनवण्याचा नाही. ठाणे स्टेशनच्या परिसरात, वाशीच्या सेक्टर १७ मध्ये किंवा लॅमिंग्टन रोडवर उपकरण घेणाऱ्या गृहिणीने, विद्यार्थ्याने किंवा निवृत्त शिक्षकाने रोधाचे मूल्य विचारावे, अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. ही माहिती बनवणाऱ्याला, आयात करणाऱ्याला आणि विकणाऱ्याला असते किंवा असायला हवी. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ने वस्तूचा दर्जा, प्रमाण आणि किंमत यांची माहिती मिळणे हा ग्राहकाचा हक्क मानला आहे. वेष्टनबंद वस्तूंबाबतच्या २०११ च्या वैध मापन नियमांनुसार निर्माता किंवा आयातदार यांचे नाव-पत्ता, कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क खोक्यावर असलाच पाहिजे, आणि आयात मालावर मूळ देशही. रंगीत खोक्यांतून येणाऱ्या अनेक पेट्यांवर यांतले काहीच नसते. असे खोके दिसल्यास ते घेऊ नये, कारण त्यामागे दाद मागण्यासाठी कोणीच उभे नसते. फसवणूक झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते आणि पावती असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाचे दारही उघडे आहे. पावती मागितली की किंमत वाढवून सांगण्याची पद्धत काही दुकानांत आहे, तरीही ती मागावीच.

तथापि, केवळ नाव, पत्ता आणि किंमत यांनी माझ्या विद्यार्थ्यांचा प्रश्न सुटणार नाही. ‘सर्व मोबाइलसाठी’ हे शब्द छापणे थांबवून त्याऐवजी खोक्यावर सरळ लिहावे की, हे उपकरण हेडफोनच्या छिद्रातून ॲनालॉग पद्धतीने जोडले जाते की यूएसबीने. यूएसबीने असल्यास ते ड्रायव्हरशिवाय चालते का आणि अँड्रॉइड व आयफोन यांच्या कोणत्या आवृत्त्यांवर तपासले आहे. ते किती वीज घेते. फँटम पुरवठा असल्यास तो खरोखर ४८ व्होल्टचा आहे का. आणि फोनला जोडण्यासाठी लागणारी वायर आत आहे की वेगळी घ्यावी लागेल. पाच-सहा ओळींचा हा मजकूर मराठीतून एका कागदावर छापून आत घालणे कोणत्याही आयातदाराला जड जाऊ नये. ऑनलाइन विक्री करणाऱ्यांनी हाच मजकूर वस्तूच्या छायाचित्राशेजारी द्यावा, तळाशी दडवू नये.

दुकानदारांना माझी विनंती यापेक्षाही साधी आहे. ग्राहक स्वतःचा फोन आणि स्वतःचा माइक घेऊन आला, तर उपकरण उघडून, जोडून, अर्ध्या मिनिटाचे मुद्रण करून त्याला ते हेडफोनवर ऐकू द्यावे आणि मगच पैसे घ्यावेत. ‘सील तोडले की परत घेणार नाही’ ही अट अशा वस्तूला लावू नये, कारण सील न तोडता ती फोनवर चालते की नाही हे कळण्याचा मार्गच नाही. ठाण्यातील काही दुकानदार हे आनंदाने करतात, हेही कृतज्ञतेने नमूद करते. माझे विद्यार्थी पुन्हा पुन्हा त्यांच्याकडेच जातात.

वैध मापन शास्त्र यंत्रणेच्या ठाणे जिल्ह्यातील अधिकाऱ्यांनी गणेशोत्सव आणि दिवाळी यांच्या आधी, जेव्हा अशा वस्तूंची खरेदी वाढते तेव्हा, इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुकानांतील वेष्टनांची तपासणी करावी आणि आयातदाराचे नाव नसलेले खोके विक्रीतून काढावेत, ही विनंती आपल्या वृत्तपत्रामार्फत त्यांच्यापर्यंत पोहोचावी.

कळावे,
आपली विश्वासू,
एक संगीत शिक्षिका, ठाणे (पश्चिम)